वरचा दात

आमच्या मिलमध्ये माझं कागदावरचं पद लिपिकाचं आहे. खरं पद होतं वरच्या दाताचं. अकरा वर्षं मी दोन्ही सांभाळली, आणि तोरा विचाराल तर दुसऱ्याचाच जास्त होता. ते पद आता राहिलं नाही. तरी अजून लोखंडी जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की माझी जीभ आपोआप उजव्या दाढेकडे जाते.

तुमसरला तांदळाच्या मिलांची काही कमी नाही. आमची उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची. धान गरम पाण्याच्या हौदात भिजवायचं, वाफ द्यायची, ड्रायरमध्ये वाळवायचं आणि मग भरडायला घ्यायचं. सगळी मेख वाळवणं कधी थांबवायचं यात आहे. धान ओलं राहिलं तर तांदूळ काळवंडतो, जास्त वाळलं तर मशीनमध्ये तुटून त्याची कनकी होते. म्हणून मोठ्या मालकांनी मिल काढली तेव्हाच नियम घालून दिला होता की दोन दातांखालून गेल्याशिवाय कोणताही लॉट भरडायला जायचा नाही. एक दात खालचा, एक वरचा. खालचा दात मिस्त्रींचा, कारण हौद, वाफ, ड्रायर सगळं त्यांच्या ताब्यात. वरचा दात मालकांचा, कारण ते वर ऑफिसात बसायचे. मग मालकांना कवळी लागली. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "माझे दात आता वाटीत राहतात बाई. आजपासून वरचा दात तुमचा."

मला वाटलं, गंमत करतात. मी बी.कॉम. झालेली, गाड्यांचे कागद करणारी बाई. दुपारी मिस्त्री खरंच वानगी घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

मिस्त्रींना सगळे मिस्त्रीच म्हणत, मी काकाजी म्हणायची. साकोलीकडच्या एका खेड्यातले. तिथे तलावाखाली त्यांच्या धानाच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं. आठवडाभर मिलच्या आवारातल्या खोलीत राहायचे आणि सुटीला बसने गावी जायचे. बावीस पायऱ्या चढून यायचे, चपला मात्र खालीच काढून. खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकात बांधलेलं मूठभर धान माझ्या टेबलावरच्या जुन्या कागदावर ओतायचे. त्यातला एक दाणा अंगठ्यानं चोळून, साल काढून खिडकीच्या उजेडात धरायचे. दाण्याचं पोट पांढरं दिसलं तर वाफ कमी पडली. मग एक दाणा माझ्या हातावर, एक त्यांच्या. दोघांनी एकदम चावायचा. नीट वाळलेला दाणा दाढेखाली कट वाजतो, ओला असला तर नुसता दबतो. बोलायचं मात्र आधी वरच्या दातानं, म्हणजे खालच्याच्या अनुभवाचं दडपण नको. मोठे मालक शिकलेले फार नव्हते, पण माणसं ओळखून होते.

पहिले दोन महिने मी घाबरून काकाजींच्या तोंडाकडे पाहत राहायची. तेही खट. दाणा चावून झाला की तोंड फिरवून माठाकडे पाहत उभे राहायचे. एकदा मी म्हटलं, "काकाजी, तुम्हीच सांगा ना."

"मले विचारलं त मंग दोन दात कायले पायजे जी," ते म्हणाले. "एकच पुरला असता."

मी शिकले. पुढेपुढे तर डोळे मिटून सांगायची. सांगते तर खरंच सांगते, घरी माझं मत कुणी विचारत नव्हतं. भाजी कोणती करायची हेसुद्धा सासूबाई ठरवायच्या, आणि नवऱ्याला मी बोलले की टीव्हीचा आवाज वाढवायची सवय होती. आणि इथे दोन ट्रक धान माझ्या एका दाढेसाठी थांबून राहायचं. त्याचा आनंद मी लपवला नाही. कशाला लपवू?

नियमाचा आणखी एक भाग होता, आणि खरं तर तोच मला सांगायचा आहे. दोन दातांचं जमलं नाही, एक म्हणाला वाळलं आणि दुसरा म्हणाला ओलं, तर अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा चावायचं. त्या अर्ध्या तासात काकाजी खाली जात नसत. चढउतार परवडायची नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत. चहा घेत नसत, पोटाला चालत नाही म्हणत. माठातलं पाणी पेला वर धरून प्यायचे आणि बोलायचे. यंदा तलावात पाणी किती आहे. लावणीआधीच धानाचे पऱ्हे पिवळे पडले. शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीत रानडुकरं शिरली आणि बायकोनं थाळी वाजवून हाकलली. कधी लाखोरीचा कोवळा पाला कागदात बांधून आणायचे आणि त्याची भाजी कशी करायची ते मला, पंचवीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईला, सविस्तर समजावून सांगायचे. मीही बोलायची. लेकीचा निकाल, माझी पाठदुखी, माहेरचं भांडण. अशा गोष्टी, ज्या सांगायला दुसरी जागा नव्हती.

आता कबूल करायला हरकत नाही. कधीकधी दाणा कट वाजायचा आणि मी म्हणायची, "ओलं आहे."

काकाजी माझ्याकडे पाहायचे. "ओला?"

"मला तरी वाटते."

"बरं," म्हणून ते स्टूल ओढायचे. एकदा बसता बसता एवढंच म्हणाले, "तुमचा दात आजकाल लय कडक झाला जी." त्यांना कळत होतं की नाही हे मी कधी विचारलं नाही. ड्रायरची आग तेवढा वेळ मंद करून ठेवलेली असायची, हे मला बॉयलरवाल्याकडून फार नंतर कळलं. म्हणजे वर येतानाच ते अर्ध्या तासाची सोय करून यायचे.

मोठे मालक गेले आणि छोटे मालक गादीवर बसले. छोटे मालक पुण्याला शिकून आलेले, मनाने चांगले, फक्त सगळ्यांनी एकत्र काम करावं या ध्यासानं पछाडलेले. त्यांनी ओलावा मोजायचं मीटर आणलं आणि सगळ्यांच्या हातात मिलचे फोन दिले. फोनमध्ये एक ॲप. प्रत्येक लॉटची एक ओळ. काटेबाबूनं वजन टाकायचं, मिस्त्रींनी धानाचा फोटो आणि मीटरचा आकडा टाकायचा, मी तो पाहून गोल दाबायचा की ओळ हिरवी होऊन खाली माझ्या नावानं "काम पूर्ण" उमटणार. "सगळ्यांना सगळं दिसेल," छोटे मालक म्हणाले. "कुणाला कुणाकडे जायची गरज नाही."

एक महिना त्या ॲपमध्ये दोनच माणसं होती, छोटे मालक आणि मी. छोटे मालक रोज सकाळी त्यात सुविचार टाकायचे आणि मी त्याला अंगठा द्यायची.

शेवटी त्यांनी मलाच कामाला लावलं, लोक का वापरत नाहीत ते विचारून या म्हणून. मी वही घेऊन खाली फिरले. कारणं भरपूर मिळाली. चार्जिंग राहत नाही. हात तेलाचे असतात. चष्मा गावी राहिला. काटेबाबू तर म्हणाला, मराठी अक्षरं सापडत नाहीत. हाच काटेबाबू लग्नाच्या वरातीचे पन्नास फोटो ओळीनं कवितेसह पाठवणारा माणूस. मी वही मिटली आणि त्याच्या काट्याजवळच्या बाकावर बसून राहिले. जरा वेळानं तो आपणच बोलला.

"मॅडम, दिवसभरात वीस जन येते माह्याकडे. काटेबाबू, गाडी आली का? काटेबाबू, किती भरली? मी ते सारं त्या फोनात टाकलं, त मंग माह्याकडे कोन येईन? मी काय काट्याले बांधलेला बैल आहो का, नुसता उभा राहाले?"

हे वहीत कसं लिहिणार? मी लिहिलं, "प्रशिक्षण कमी पडते." छोट्या मालकांना ते पटलं. त्यांनी आणखी एकदा प्रशिक्षण घेतलं, समोसे वाटले. समोसे सगळ्यांनी खाल्ले.

मग हळूहळू एकेक जण आला. काटेबाबूही आला, कारण रोज सकाळी नाव घेऊन विचारलं जाऊ लागलं. राहिले फक्त मिस्त्री. ते आपले दुपट्ट्यात वानगी बांधून जिना चढत होते, आणि त्यांच्या लॉटच्या ओळी मी माझ्याच हातानं भरत होते. छोट्या मालकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला खालच्या केबिनमध्ये बोलावून दार लावलं. नवीन ड्रायर बसणार होता, सगळा फोनवर चालणारा. "मिस्त्रींना ते जमलं तर ते राहतील," ते म्हणाले. "नाही जमलं तर दिवाळीनंतर त्यांना सुटी द्यावी लागेल. दातानं धान ओळखायचे दिवस गेले हो. तुमचं ते ऐकतात, तुम्ही समजवा."

दिवाळीला तीन आठवडे होते. काकाजींना अजून दोन वर्षं काम हवं होतं, धाकट्या लेकीचं लग्न व्हायचं होतं. हे मला याच स्टुलावरून कळलेलं. सुटीची गोष्ट त्यांना सांगायची नाही, असं मी जिना चढतानाच ठरवलं. ज्या माणसानं हौद बांधताना विटा उचलल्या, त्याला एका फोनवरून काढणार आहेत हे माझ्या तोंडून त्याला कळू नये, असं वाटलं. चांगुलपणाच होता तो. माझे चांगुलपणे असेच असतात, त्यांचा हिशेब दुसऱ्याला चुकता करावा लागतो.

दुपारी ते आले. दाणे चावून झाले, कट वाजला, मीही तेच सांगितलं. मग मी फोन पुढे केला आणि फोटो कसा काढायचा, आकडा कुठे टाकायचा ते दाखवलं. त्यांनी सगळं नीट पाहिलं. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं, वाफेचा अंदाज घेणारा माणूस तो.

"बाई, फोटोत धान दिसते. कट कुठी आयकू येते?"

"मीटर आहे ना आता काकाजी."

"असू द्या ना मीटर. म्या कुठी नाही म्हनलं." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "पन पाहा. दोघायनं चावला त चूक झाली तरी दोघायची. आता मी खालून फोटो टाकीन, तुमी वरून हिरवा करान. मंग चूक झाली त माही एकट्याची, नाही त तुमची एकटीची. हे एकत्र काम कसं होय जी?"

पण दिवाळीला तीन आठवडे होते. म्हणून मी त्यांच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं. "काकाजी, किती दुखते तुमाले. रोज चारचार वेळा कायले चढता हा जिना? आता वर येन्याची गरजच नाही. खालूनच फोटो टाका, मी हिरवं करून देईन."

त्यांनी टेबलावरचं धान गोळा करून दुपट्ट्याच्या टोकात बांधलं. एक दाणा कागदाखाली गेला होता, तोही काढून घेतला. "बरं जी," म्हणाले आणि उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर तळहातावरच्या धानाचा फोटो आला. खाली मीटरचा आकडा. मी इतकी खूश झाले की धावत जाऊन छोट्या मालकांना दाखवला. त्यांनी पेढे मागवले. काकाजींची नोकरी वाचली होती आणि ती मी वाचवली होती. तो पेढा खाताना मला अजून कळलं नव्हतं की ते आता येणार नाहीत.

मला वाटलं होतं, फोटो टाकतील आणि येतीलही. चार वेळा नाही, पण दिवसातून एकदा, पाणी प्यायला तरी. पहिला आठवडा गेला, नवीन सवय आहे म्हटलं. दिवाळी गेली. ड्रायर बसला. मी दिवसभर ओळी हिरव्या करत होते, एकेक ओळ करायला श्वासाइतकाही वेळ लागत नव्हता. काम झटपट होत होतं, माझ्याकडे कधी नव्हता तेवढा वेळ उरला होता, आणि तो सगळा वेळ मी जिन्याकडे कान लावून बसायची. एवढी वाट मी लग्नानंतर नवऱ्याच्या पत्राचीही पाहिली नव्हती. लोक काहीही म्हणोत, हे प्रेमबीम नव्हतं. एका माणसाला दिवसातून चार वेळा माझ्या होकाराची गरज पडायची, आणि मला त्याच्या.

तुम्ही म्हणाल, मग बाई, तू का गेली नाहीस खाली? गेले होते, एकदा. पौषात, उन्हात बसायचं निमित्त करून. ड्रायरजवळ पोचले तर काकाजी गडबडीनं उठले, दुपट्ट्यानं स्टूल पुसलं, स्वतः उभेच राहिले. "काही चुकलं का जी? कोन्ता लॉट?" वरून कुणी खाली आलं की काहीतरी बिघडलेलंच असतं, ही मिलची रीत. बॉयलरवालाही काम सोडून आमच्याकडे पाहायला लागला.

"काही नाही, असंच आले," मी म्हटलं. "तुम्ही येतच नाही वर."

ते हसले. रागाचा मागमूसही नव्हता त्यात, असता तर बरं झालं असतं. "तुमीच म्हनलं न जी, येन्याची गरज नाही."

"तसं नव्हतं म्हनाचं मले."

"नाही, बरोबरच हाय तुमचं. कच्चं धान चावाचं म्हंजे काय खानं होय का? अकरा साल तुमाले त्रास देल्ला म्या."

त्यांना तसं वाटत होतं. त्यांचे गुडघे मी पुढे केले आणि त्यांना त्यात माझी दाढ दिसली. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात वाफेची शिट्टी झाली आणि ते हौदाकडे गेले. उद्या सांगू, म्हणून मी परत फिरले. नोकरी जाणार होती म्हणून बोलले, हे सांगावं लागणार होतं, आणि त्यासाठी एक निवांत अर्धा तास हवा होता. असा अर्धा तास आता मिलमध्ये कुठेच नव्हता. उद्याचे दोन पावसाळे झाले. फाटकाजवळ दिसले की "राम राम बाई" म्हणायचे, मीही राम राम म्हणायची.

गेल्या वर्षी, लेकीचं लग्न आटोपल्यावर, ते काम सोडून गावी निघाले. शेवटच्या दिवशी अकरा वाजता आवारात कार्यक्रम झाला. शाल, नारळ, छोट्या मालकांचं भाषण. भाषणात काकाजींचं कौतुक होतं की या वयात त्यांनी नवं तंत्र आपलंसं केलं. टाळ्या वाजल्या. मी रांगेत सातवी की आठवी होते. माझ्या पुढ्यात आले तेव्हा मागून कुणीतरी फोटोसाठी सरका म्हणालं आणि आम्ही दोघंही सरकलो.

पण मला काळजी नव्हती. दुपारचा शेवटचा लॉट काढूनच ते निघणार होते, आणि निघताना वर येणार याची मला खात्री होती. इतक्या वर्षांचा माणूस जिना न चढता जात नाही. मी माठ धुऊन ताजं पाणी भरलं. अडगळीतलं स्टूल काढून पुसलं. काय बोलायचं ते मनात लावून ठेवलं, दिवाळी, छोटे मालक, बंद दार, सगळं. ओलं नसताना ओलं म्हणायची, तेही. कामात मन नव्हतं. कान जिन्याकडे आणि बोट फोनवर, ओळी येतील तशा हिरव्या करत होते.

पाच वाजता जिन्यावर पाऊल वाजलं. चौकीदार होता. त्यानं मिलचा एक फोन माझ्या टेबलावर ठेवला. "मिस्त्रीचा होय मॅडम. जमा करा म्हने. मघाच बसले ते साकोलीच्या गाडीत."

फोन जमा झाला की त्यातून माणसाचं नाव काढायचं काम माझं. मी ॲप उघडलं. सगळ्यात वर त्यांचा शेवटचा लॉट होता, सव्वादोनचा. तळहातावर धान. प्रत्येक फोटोखाली काही लिहायची एक बारीक जागा असते, ती आमच्याकडे कुणीच वापरत नाही आणि ओळ हिरवी करताना ती उघडावीही लागत नाही. दोन वर्षांत काकाजींनी आकड्यांशिवाय एक अक्षर टाकलं नव्हतं. तिथे आज अक्षरं होती, एकेक शोधून बसवलेली.

"बाई वर येऊ का"

त्याच्या खाली, नऊ मिनिटांनी, माझ्या नावानं हिरव्या अक्षरांत आलेलं होतं: काम पूर्ण.